भिंतीच्या माथ्यावर

"दोर सुटला तर?" सिस्टरने विचारलं.

"मग मी कशाला बसलोय इथे?" सर म्हणाले आणि त्यांनी गाठ ओढून पक्की केली.

चढाईच्या भिंतीच्या माथ्यावर लाकडी मचाण होतं, तिथे सिस्टर आणि शिबिरात चढाई शिकवणारे सर बसले होते. खाली टिल्ली उभी होती. नऊ वर्षांची पोर, पण अंगापिंडाने एवढीशी, म्हणून शिबिरात सगळे तिला टिल्लीच म्हणत. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. आणि आज तिला ही भिंत चढायची होती.

सिस्टर मुलांच्या वॉर्डात नोकरीला होती. खाटांचे कठडे वर केलेत ना, हे दर फेरीला बघायचं, कुणी पडू नये म्हणून जिवाचं रान करायचं, हे तिचं रोजचं काम. उन्हाळ्याची रजा दिव्यांग मुलांच्या शिबिरात घालवायची असं तिने ठरवलं, तेव्हा धाकट्या बहिणीने कपाळावर हात मारला होता. "रजेतही तेच?"

काल तिला स्वयंपाकघरात भाज्या चिरायला बसवलं होतं. आज सकाळी भिंतीवर पाठवलं. ती शिडीशी पोचली तेव्हा सर झपाझप वर चढतच होते. तिथूनच म्हणाले, "दवाखान्यातल्या ना तुम्ही? औषधाचा वास लपत नाही." सिस्टर ओशाळली. माणूस जरा आगाऊच आहे, असं तिला वाटलं.

"निघू का सर?" खालून टिल्ली ओरडली.

"नीघ. डावा हात कानाच्या वर. अजून थोडा. हां, तीच खुंटी. आता गुडघा पोटाशी घे."

टिल्ली भिंतीला पालीसारखी चिकटली आणि चढू लागली. सिस्टर मचाणाच्या कडेवरून वाकून वाकून बघत होती. सर मात्र गप्पा मारायला बसल्यासारखे समोर तोंड करून बसले होते. दोर तेवढा त्यांच्या हातांतून सरकत होता.

"अहो, खाली बघा तरी!"

"मी बघितलं म्हणून ती लवकर येणार आहे का? जरा गप्प बसा. तिचा श्वास ऐकू द्या मला."

सिस्टर मनातून चिडली.

भिंतीच्या मध्यावर टिल्लीचा पाय सटकला. दोर ताठ झाला आणि पोर हवेत लोंबकळली.

"उतरवा तिला! आत्ताच्या आत्ता उतरवा!"

"टिल्ली," सर शांतपणे म्हणाले, "सिस्टर म्हणतात उतरवा. काय करू?"

खालून नाक ओढल्याचा आवाज आला.

"लागलं का गं?" सिस्टरने विचारलं.

"बोटाला. चिकट चिकट लागतंय." मग जरा वेळाने, "सर, आता उतरले तर परत पहिल्यापासून चढायचं?"

"पहिल्यापासून."

"मग नको बाई!"

सरांना हसू फुटलं. टिल्लीने पाय झाडून खुंटी शोधली.

शेवटचा टप्पा अवघड होता. तिथे भिंत डोक्यावर पुढे आलेली होती. "आता तुला वाटेल, भिंत संपली," सर म्हणाले. "संपलेली नाही. उजवा हात पाठीमागे नेल्यासारखा वर ने. घाबरू नकोस. तिथे मोठी खुंटी आहे, भाकरीएवढी."

हात हवेत गेला. रिकामाच फिरला. पुन्हा फिरला.

"सापडली!"

सिस्टरच्या अंगावर काटा आला. दुखणं मुकाट सोसणारी मुलं तिने ढीगभर पाहिली होती. पण खाली किती खोल आहे हे ठाऊक असताना, न दिसणाऱ्या उंचीकडे आपणहून हात टाकणारं पोर ती पहिल्यांदाच बघत होती.

मचाणाच्या कडेवर खरचटलेली चार बोटं आली. सिस्टरचा हात झटकन पुढे गेला. मग तिने तो मागे घेतला. टिल्लीने कोपर टेकवलं, पोट टेकवलं आणि धापा टाकत ती स्वतःच वर आली.

सिस्टरने तिच्या बोटाला पट्टी गुंडाळली.

"इथला वारा वेगळाच आहे," टिल्ली म्हणाली. "सर, इथून काय काय दिसतं हो?"

सिस्टरने सरांकडे पाहिलं. एकेक खुंटी इतकी नेमकी सांगणारा माणूस हेही झकास सांगेल, म्हणून तीही कान देऊन बसली.

"सांगा ना सिस्टर, सावकाश सांगा," सर म्हणाले. "या भिंतीची एकेक खुंटी मी माझ्या हाताने ठोकलीय, पण इथून काय दिसतं ते मलाही अजून कुणी सांगितलेलं नाही."