दोह्यातला एक वाचक

बाबांच्या निधनाच्या बातमीवर त्या क्षणी त्रेसष्ट वाचक होते: डिचोलीत एकेचाळीस, म्हापशात तेरा, मुंबईत आठ आणि दोह्यात एक. डिचोलीच्या बातम्यांची ही वेबसाइट मीच चालवते, त्यामुळे कोण कुठून वाचतंय ते मला लॅपटॉपवर दिसतं. माझा भाऊ सुदेश बाबांशी भांडून दोह्याला गेला आणि त्याने नंबर बदलला. बातमी शेअर होत होत त्याच्यापर्यंत पोहोचावी, एवढ्यासाठीच मी ती टाकली होती. बाबांना अंगणात ठेवलं होतं. काका दारात आले. “सिद्धी, आणखी किती थांबूचा गो? लोक उभे आसत.” “दोह्यात कोणीतरी वाचतंय, काका.” “वाचूंदे. फोन करूचो नाय तो. बापाशीसारखोच हट्टी.” मी बातमीखाली एक ओळ वाढवली: ‘मुलाच्या फोनसाठी एक वाजेपर्यंत थांबत आहोत. बहिणीचा नंबर तोच आहे.’ नवी ओळ दिसायला पान पुन्हा उघडावं लागतं. दोह्यातून ते पुन्हा उघडलं गेलं. मग परत एकदा. मी फोन हातात धरून बसले. तो वाजला नाही. एक वाजता बाबांना उचललं, मडकं काकांनी धरलं. संध्याकाळी आंघोळ करून मी आकडे पाहिले. डिचोली: वाचक नऊशे चार, शेअर तीनशे बारा. दोहा: वाचक एक, पान उघडलं सव्वीस वेळा.