तळ साफ आहे

बुडालेल्या जहाजाच्या पोटात टॉर्च मारला आणि सुगंधा बघतच राहिली. केबिनच्या दारात पोत्याएवढा गोब्रा मासा तोंड वासून टपला होता. गंजलेल्या सळ्यांवर कालवं ब्लेडसारखी उभी होती. खोल पाण्याच्या गारठ्यानं बोटं वळत नव्हती, तरी डोकं तापलेलं.

वर ट्रॉलरवर त्याचा कप्तान, दाजी तांडेल, थांबला होता. मासे शोधायच्या मशीनवर मासा दिसला, पण जाळं अडकायला नको, म्हणून त्यानं तिला तळ बघायला उतरवलं होतं. ह्याच ट्रॉलरनं तिच्या बापाचं जाळं ओढून फाडलं होतं. जाब विचारला, तर दाजी हसून म्हणालेला, “दर्या काय तुझ्या बापाशीचो?”

ती वर आली.

“काय गो, तळ साफ हा मां?”

“नुसती वाळू, दाजीनू. मासळी खच्चून हा. अख्खा जाळा सोडा.”

जाळं खाली गेलं आणि जहाजात गुंतलं. जाळं ओढणारा विंच किंचाळला, ट्रॉलर कलायला लागला. शेवटी दाजीनं स्वतःच कोयता मारून नवंकोरं जाळं तोडलं.

“खाली काय हा गो?” तो बोंबलला.

“जहाज,” सुगंधा केस पुसत म्हणाली. “मोठा हा, दाजीनू. अजून दोन जाळी मावतीत.”