हूक बघ माझा

मुकादमाचा धाकटा भाऊ चौदाव्या मजल्यावरच्या गच्चीच्या कठड्यावर चढला, आणि त्याच्या पाठीमागचा हूक कुणीच ओढून बघितला नाही.

उंच इमारतींना बाहेरून रंग देणारे ते सहा जण. दोराला अडकवायचा पट्ट्याचा हूक मागे, कंबरेशी. ज्याचा त्याला दिसत नाही. म्हणून खाली उतरण्याआधी "हूक बघ माझा" म्हणायचं आणि दुसऱ्याने हात घालून तो ओढून बघायचा. पण सोमवारी कळलं, की त्यांच्यातल्या लंबूच्या खोलीत राहतो तो त्याचा भाऊ नाही, जोडीदार आहे. "आता आपापली कंबर सांभाळा रे," मुकादम म्हणाला. सगळे खो खो हसले. तेव्हापासून लंबूच्याच काय, कुणीच कुणाच्या कंबरेला हात लावीना. लावला की, "तूही त्यातलाच का रे?"

"थांब! हूक अर्धाच बसलाय," लंबू पलीकडच्या टोकावरून ओरडला.

"लांबूनच बोल रे बाबा!" धाकटा म्हणाला. मुकादम हसला, रोजच्यासारखाच.

धाकट्याने अंग मागे टाकलं. हूक निसटला. एका हाताने त्याने कठडा कसाबसा पकडला, तोही सुटत चालला.

लंबू कधी धावला ते कळलंच नाही. कठड्यावर पोट टेकून तो अर्धा बाहेर लोंबत होता, दोन्ही हातांत धाकट्याचं मनगट. त्याचे पाय गच्चीवरून उचलले जात होते.

"धरा मला! कंबरेला धरा, लवकर!"

बाकीचे तिघे दोन पावलांवर होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. क्षणभरच. पण मुकादमाने ते पाहिलं. हे त्यानेच शिकवलं होतं.

त्याने झेप घेऊन लंबूच्या कंबरेला मिठी मारली, त्याच्या घामेजलेल्या पाठीला गाल दाबला. "सोडू नकोस रे माझ्या राजा, सोडू नकोस," तो रडत म्हणत होता. दोघांचं वजन त्याला पेलेना. त्याचे बूट कठड्याकडे सरकू लागले.

"अरे, मला धरा कुणीतरी!"

त्याला मागे वळून बघता येत नव्हतं. त्याच्या कंबरेला अजून कुणाचा हात लागला नव्हता.