आबासाहेबांच्या छातीतला डाग

पडद्यावरचा डाग सुबोधनं तीनदा मोठा करून पाहिला. उजव्या फुप्फुसात, वरच्या अंगाला, बोराएवढा. एकोणीस वर्षं एक्स-रे काढणाऱ्या माणसाला असल्या डागाचं नाव कुणी सांगावं लागत नाही.

बाहेर बाकावर माढ्याचे आबासाहेब बसले होते. हर्नियाच्या ऑपरेशनआधी छाती तपासायची, एवढंच काम. शेजारी त्यांची बायको, सोनाबाई.

"काय दिसतंय वो साहेब?" तिनं विचारलं.

"डॉक्टरबाई सांगतील."

"तुमचं तोंडच सांगतंय की."

सुबोधला तिच्यासमोर उभं राहवेना.

सोलापूरच्या त्या दवाखान्यात एक्स-रेचं नवं पॅनेल येऊन चार महिने झाले होते. दिसायला पाटीएवढं, पण श्वासाबरोबर हलणारी छाती थेट पडद्यावर दाखवायचं. सुबोध त्याला पोटच्या पोरासारखं जपे. रोज सकाळी अंकिता सिस्टरला हाताशी घेऊन यादीतलं पहिलं नाव उघडून चाचणीचं चित्र काढी, पॅनेलची आडवी-उभी रेघ उमटत नाही ना एवढंच ओझरतं बघे आणि मागाहून ते खोडून टाकी. वेगळी नोंद करायची कटकट कोण करणार!

दाक्षायणी डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं आणि सीटी स्कॅन करायला सांगितलं. तीन दिवस आबासाहेबांच्या घरात कुणाला घास गिळवेना. आणि स्कॅन आला तो स्वच्छ! फुप्फुसात डागाचा मागमूस नव्हता.

सोनाबाई दवाखान्यातच रडली. सुबोधनं माफी मागितली, तर आबासाहेबांनीच त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मशीन चुकलं, बरं झालं की. तुमी कशाला तोंड पाडताय? शंभर वर्सं जगा."

डॉक्टरांचा राग मात्र पॅनेलवर निघाला. कंपनीचे वीरभद्रप्पा आले आणि दोन तास खटपट करून म्हणाले, "पॅनेल ठणठणीत आहे. डाग खराच आहे."

"मग सीटी खोटा?" सुबोध चिडला.

"मशीनच्या नोंदीप्रमाणं त्या दिवशी आबासाहेबांच्या नावावर दोन चित्रं निघाली. आठ चाळीसला एक, नऊ दहाला दुसरं. आबासाहेब दवाखान्यात आलेच नऊला. म्हणजे त्यांचं नऊ दहाचं, आणि तुम्ही खोडलंत नेमकं तेच." वीरभद्रप्पांनी चष्मा काढला. "डाग आठ चाळीसच्या चित्रात आहे. चाचणीला पॅनेलपुढं ठेवता तरी काय?"

"ठेवायचंय काय?" अंकिता सिस्टर हसून म्हणाली. "सर स्वतःच उभे राहतात की. बटण मी दाबते."