माफीचं मशीन

सरकारी बर्फाचं मशीन परदेशातून वर्सोव्याच्या बंदरावर आलं, तेव्हा बेला कोळणीने त्याच्या पेटीला हार घातला होता. हार वाळून दोरा उरला, पेटी बंद ती बंदच. आज बर्फवाल्याचा टेम्पो फिरकला नव्हता आणि तिची पापलेटं ओल्या गोणपाटाखाली कशीबशी तग धरून होती. बंदराचे सरकारी साहेब पाहणीला आले, तशी ती आडवी गेली. “ओ साहेब, मशीन चालू करा ना. मासळी नासतेय.” “मावशी, नवीन जेटीवर बसवायचं म्हणून याला आयातशुल्कात माफी मिळाली. जेटीच रद्द झाली. आता इथे सुरू केलं तर माफी जाते, सगळं शुल्क भरावं लागतं.” “माफी? गुन्हा कोणी केलेला?” साहेबांनी हसून पेटीवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. “पत्रा तापलाय. मशीन बिघडेल.” त्यांनी पापलेटांवरचं गोणपाट उचलून पेटीवर पसरलं. दुसरं टोक बेलानेच धरून दिलं.