अकरावा रकाना

"अकरावा रकाना पुन्हा रिकामाच," म्हणत मार्लिसने अर्ज खिडकीच्या फटीतून परत सरकवला.

एल्डन क्राचोविलने टोपी काढली, तिच्या आत पाहिलं, परत घातली. त्याची ही चौथी खेप. साथीमुळे काउंटीच्या शेती कार्यालयाचं दार बंद होतं. सगळा कारभार या खिडकीतून चाले.

"गुरं किती, एवढंच विचारलंय सरकारने."

"माणसाला असं विचारतात का, पोरी? बँकेत पैसे किती आहेत, असं मी विचारतो तुला?"

नेब्रास्कातल्या त्या वाळूच्या टेकड्यांत ही जुनी रीत. शेजाऱ्याची गुरं कुणी विचारत नाही, मालक सांगत नाही. पण साथीत गुरांचे भाव पडले, सरकारी मदतीचे पैसे हवेत म्हणून बाकीच्यांनी कुरकुरत का होईना, आकडा लिहिला होता. कुणावर आवाज चढवायचा नाही, हा मार्लिसचा रोजचा नेम. या म्हाताऱ्यापायी तो आज मोडणार असं दिसत होतं.

"पाच वाजता मुदत संपते, एल्डन. ही मदत गेली तर हिवाळ्याआधी गुरं विकावी लागतील तुम्हाला. मग बसा रीत सांभाळत."

एल्डन बुटांकडे बघत राहिला. गावात यायचं म्हणून लख्ख पुसलेले बूट. पिकअपही धुतलेली. तिच्या मागच्या हौद्यात मात्र गुरांना चाटायला ठेवतात त्या मिठाच्या सहा लाद्या, पावसाने कोपरे झिजलेल्या. पहिल्या खेपेलाही त्याच होत्या. कुरणावर नेऊन टाकायचंही होत नाही याच्याने, मार्लिसच्या मनात आलं.

"घरी जाऊन बघतो," तो म्हणाला.

"बघायचंय काय त्यात?"

पिकअप निघून गेली. मार्लिसने सरळ त्याच्या बायकोला फोन लावला. व्हर्ना गेल्या ऑक्टोबरातल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फारशी घराबाहेर पडत नसे. एल्डनला दर खेपेला तीच पाठवायची, आणि मागोमाग तिचा फोन यायचा.

"बोलले का काही?" आजही तिने तेच विचारलं.

"कुठले बोलतायत. आता तुम्हीच या बाई. तुमचं नाव आहे अर्जावर, तुमची सही चालते."

पाचाला वीस मिनिटं असताना व्हर्ना आली. एकटीच, जुनी गाडी चालवत.

"एल्डन कुठेयत?"

"कुरणावर. सकाळी जातात, दिवस मावळला की येतात. मध्ये तुझ्याकडे एक चक्कर, तेवढीच."

तिने काठी भिंतीला टेकवली, पेन मागून घेतलं, लिहिलं, सही केली. मार्लिसने सुटकेचा श्वास टाकून शिक्का उचलला.

तो हातातच राहिला. अकराव्या रकान्यात शून्य होतं.

"व्हर्ना, हे..."

"वासरं आईपासून तोडतात तेव्हा तीन रात्री गाई हंबरतात, झोपू देत नाहीत. गेल्या साली मी दवाखान्यातून आले ती त्याच दिवसांत. रात्र रात्र कान देऊन होते, एकही हंबरली नाही." तिने पेनाला टोपण लावलं. "आणि दवाखान्याचं बिल तर मी घरी यायच्या आधीच भागलं होतं."

"मग त्यांना पाठवत कशाला होतात?"

"म्हटलं, मला नाही तर तुला तरी सांगतील." व्हर्नाने काठी उचलली. "सोमवारी त्यांना फोन कर. म्हणावं, अजून एक कागद राहिलाय."