उजवा पाय मागे

टँकरचा बूट पुन्हा किल्लीवाल्याच्या अंगठ्यावर पडला.

"माफ करा हं, मालक," टँकर म्हणाला. तो पाण्याचा टँकर चालवायचा, म्हणून हे नाव. नाचतानाही तो तसाच वळायचा, आधी मागे नीट बघून.

"चालू दे," किल्लीवाला दात आवळून म्हणाला आणि त्याने उजवा पाय मागे घेतला.

क्लबच्या नवशिक्यांच्या नाचाच्या वर्गात गुरुवारी नेमके सगळे पुरुषच निघाले होते. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी तोडगा काढला. उंच असतील त्यांनी पुरुषाची पावलं शिकायची, बुटक्यांनी बाईची. पुरुष डावा पाय पुढे टाकून नेणार, बाई उजवा पाय मागे घेऊन त्याच्या हाताच्या इशाऱ्याने जाणार. किल्लीवाला वर्गात सगळ्यांत ठेंगणा. "नंतर बदलू," बाई म्हणाल्या होत्या. ते 'नंतर' काही उगवलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला ते चांगलंच जमायला लागलं होतं. समोरच्याचा हात काय सांगतोय ते त्याला डोळे मिटूनही कळायचं, कुलपात किल्ली फिरवताना कळतं तसं.

पण तो इथे आला होता बायकोसाठी. मागच्या वर्षी क्लबच्या मेळाव्यात सगळी जोडपी नाचत होती आणि ती मांडीवर पर्स धरून बसून राहिली होती. "चल" म्हणायची त्याची छाती झाली नाही. घरी येताना तीच म्हणाली, "राहू दे हो. सगळ्यांना सगळं थोडंच जमतं?" त्यापेक्षा चिडली असती तर बरं झालं असतं. ते समजूतदार वाक्य त्याला वर्षभर बोचत राहिलं. यंदा तिला त्या खुर्चीवर बसू द्यायचं नाही, असं ठरवून तो चोरून शिकत होता. घरी थाप मारली होती, गुरुवारी दुकानात जास्तीचं काम असतं म्हणून.

बायको दर मंगळवारी दवाखान्यातलं काउंटर बंद करून धाकट्या बहिणीकडे जायची. एका मंगळवारी त्या बहिणीचाच फोन आला.

"भाऊजी, ताई आहे का घरी? कधीची फिरकली नाही इकडे."

"येईल एवढ्यात," तो म्हणाला. फोन ठेवून त्याने घड्याळ बघितलं.

ती आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते, कपाळावर घाम होता.

"कशी आहे बहीण?"

"मजेत," ती म्हणाली आणि पाणी घ्यायला वळली. तिच्या खांद्याला अत्तराचा वास येत होता. वास फुलांचा, बाईमाणसाचा. तिथेच त्याची अक्कल अडकली. पुरुषाचा वास असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

आणखी एक बदल होता. पूर्वी ती स्वयंपाकघरात "सरका जरा" म्हणायची. आताशा ती काही बोलायचीच नाही. त्याच्यापेक्षा वीतभर उंच बाई. सरळ त्याच्या पाठीवर तळवा ठेवायची आणि त्याला अलगद बाजूला करायची. तोही बिनतक्रार सरकायचा. ही मला हळूहळू घराबाहेर सरकवतेय, असं त्याला वाटू लागलं.

विचारायची सोय नव्हती. उलट प्रश्न आला असता, तुम्ही गुरुवारी कुठे असता? चोराच्या मनात चांदणं.

मेळाव्याआधीच्या शेवटच्या वर्गात बाईंनी त्याला थांबवलं.

"तुमची बायको उंच आहे का हो?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही मान वर करून नाचता." बाई हसल्या, जरा जास्तच. "मेळाव्याला आणा त्यांना."

"बाई, तेवढी पुरुषाची पावलं शिकवा ना. पाया पडतो."

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "आहे तेही बिघडवून ठेवाल."

मेळाव्याच्या संध्याकाळी बायको उंच टाचांच्या चपला सोडून सपाट बूट घालून निघाली. पळून जायला बरे, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. ती मागच्याच वर्षीच्या खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर. एक गुबगुबीत बाई समोरून गेली, तिने बायकोला हळूच डोळा मारला आणि मागे तोच फुलांचा वास राहिला. म्हणजे मंगळवारी ही होती! पण मैत्रिणीकडे जायचं तर त्यात लपवण्यासारखं काय? त्याला काही म्हणता काही उमगेना.

गाणं सुरू झालं. जोडपी उठली. एक देखणा उंच गृहस्थ त्यांच्याच दिशेने येताना दिसला आणि किल्लीवाला चटकन बायकोसमोर येऊन उभा राहिला. आता नाही तर कधीच नाही. खरं सांगून टाकायचं. 'रागावू नकोस, पण मला फक्त बाईचीच पावलं येतात.' हे वाक्य त्याने आरशासमोर घोकलं होतं. हसली तर हसू दे.

"येतेस?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मग तिने पर्स खुर्चीवर ठेवली.

दोघं मधोमध येऊन उभी राहिली. घोकलेलं वाक्य बोलायला त्याने तोंड उघडलं. तिचे कान लाल झाले होते. तेवढ्यात तिचा तळवा त्याच्या पाठीवर येऊन टेकला, स्वयंपाकघरात टेकायचा तसाच.

"अहो, रागावू नका हं," ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "पण मंगळवारच्या वर्गात आम्ही सगळ्या बायकाच असतो. मला फक्त पुरुषाचीच पावलं येतात."